क्वीनचा शेवटचा अल्बम कोणता? माझ्यापुरतं उत्तर: 'मेड इन हेवन'

ब्रिटिश रॉक बँड क्वीनच्या चाहत्यांत एक वाद जुना आहे आणि तो मिटायची काही चिन्हं नाहीत. बँडचा शेवटचा अल्बम कुठला धरायचा? बहुतेक जण 'इन्युएन्डो'चं नाव घेतात. तो फेब्रुवारी 1991 मध्ये आला, तेव्हा बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी हयात होता, चौघांनी मिळून तो केला, आणि त्यातलं शेवटचं गाणं 'द शो मस्ट गो ऑन'. मग 1995 चा 'मेड इन हेवन' काय? तर उरलंसुरलं गोळा करून काढलेली पुरवणी, असंच धरून चालायची रीत पडली आहे.

मी कॉलेजात असल्यापासून क्वीन ऐकतोय आणि मला हे कधीच पटलेलं नाही. 'इन्युएन्डो' थोर आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण क्वीन नावाच्या चार माणसांची गोष्ट तिथे संपत नाही. ती 'मेड इन हेवन'मध्ये संपते, आणि कशी संपते ते नीट ऐकायला हवं.

आधी हा अल्बम झाला कसा, ते थोडक्यात. फ्रेडीला एड्सचं निदान 1987 मध्ये झालं. बँडमधल्या तिघांना ते कळल्यावरही त्यांनी बाहेर अवाक्षर काढलं नाही. 'इन्युएन्डो' हातावेगळा झाल्यावर कोणीही म्हटलं असतं की आता विश्रांती घे. फ्रेडीने उलटं केलं. स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथे तळ्याकाठी क्वीनचा स्वतःचा स्टुडिओ होता, माउंटन स्टुडिओज, 1979 मध्ये विकत घेतलेला. तिथे तो परत गेला. बँडचा गिटारवादक ब्रायन मेने पुढे अनेकदा सांगितलंय की फ्रेडीचा तगादा एकच होता: मला लिहून द्या, काहीही द्या, मी गाऊन ठेवतो, बाकीचं तुम्ही मागाहून पुरं करा. म्हणजे हा अल्बम त्याच्या पश्चात कुणाच्या तरी डोक्यातून निघालेला नाही. तो त्याने मागे सोपवलेला आहे. मला वाटतं, सगळ्या वादात हीच गोष्ट विसरली जाते.

मे 1991 मध्ये त्याने 'मदर लव्ह' गायलं. त्याचं शेवटचं ध्वनिमुद्रण ते. 24 नोव्हेंबरला तो गेला. पुढची दोनेक वर्षं तिघांपैकी कुणाला त्या टेप्स लावून बसायचं बळ नव्हतं. नंतर ब्रायन आपल्या सोलो दौऱ्यावर असताना ड्रमर रॉजर टेलर आणि बासवादक जॉन डीकनने काम सुरू केलं. ब्रायन परत आल्यावर त्याला झालेलं काम रुचेना, म्हणून पुष्कळसं पुन्हा करायला घेतलं. असं करत करत 6 नोव्हेंबर 1995 ला अल्बम बाहेर आला आणि ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

आता 'मदर लव्ह'कडे येतो, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं या एका गाण्यात आहे.

गाणं संथ आहे. खाली साधं ड्रम मशिन, त्यावर अंधारलेला सिंथ. फ्रेडी सुरुवातीला खालच्या पट्टीत गातो, जवळजवळ स्वतःशीच. दोन कडवी अशी जातात. मग मधला भाग येतो आणि तो एकदम वर चढतो, छाती भरून, कुठेही हात न राखता. ब्रायनने सांगितलंय की तिथे आपण पुरेसे वर गेलो नाही असं फ्रेडीलाच वाटलं आणि अजून वर जायचा हट्ट त्याचाच होता. उभं राहायलाही कष्ट पडत होते अशा माणसाचा हा आवाज आहे. हेडफोन लावून ऐका. स्वर कापत नाही. ओळीच्या शेवटी श्वास किंचित आधी सुटतो, इतकंच.

मग गिटारचा तुकडा. आणि त्यानंतर शेवटचं कडवं, जे फ्रेडी गात नाही. तो थकला, थोडं पडतो आणि परत येऊन पुरं करतो म्हणाला. ते राहून गेलं. ते कडवं ब्रायन गातो.

इथे जरा थांबा. 1995 मध्ये हे टाळायचे मार्ग त्यांच्याकडे होते. आधीचं कडवं पुन्हा लावता आलं असतं. गिटार लांबवून गाणं विझवता आलं असतं. जुन्या टेप्सचे तुकडे जुळवून काहीतरी उभं करता आलं असतं, त्याच अल्बममधलं 'यू डोन्ट फूल मी' तर निर्माता डेव्हिड रिचर्ड्सने तसंच तुकड्यातुकड्यांतून बांधत आणलं आहे. पण 'मदर लव्ह'मध्ये त्यांनी जागा उघडी ठेवली. ब्रायनचा आवाज पातळ आहे, सभ्य आहे, फ्रेडीच्या आवाजापुढे टिकणारा नाही, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? तरी तो गायला, फ्रेडीची नक्कल न करता. माणूस कुठे थांबला हे तुम्हाला सेकंदाच्या हिशेबात कळतं. असा सांधा उघडा ठेवायला धैर्य लागतं, आणि मला तो क्वीनच्या अख्ख्या कारकिर्दीतला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो.

त्यापुढे 1986 च्या वेम्ब्लीच्या मैदानावरचा फ्रेडी आणि त्याच्या हाकेला ओ देणारा तो अफाट जमाव. मग एक भोवरा, ज्यात बँडच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे गरगरत मागे पळतात. शेवटी फ्रेडीच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतलं, क्वीनचा पहिला अल्बम यायच्याही आधी त्याने लॅरी ल्युरेक्स या नावाने गायलेलं 'गोइंग बॅक' क्षणभर ऐकू येतं आणि तान्ह्या बाळाच्या रडण्यावर गाणं संपतं. कागदावर वाचताना हे भडक वाटेल. ऐकताना अंगावर येतं.

सगळाच अल्बम या उंचीचा आहे असं मी म्हणणार नाही. 'आय वॉज बॉर्न टु लव्ह यू' आणि शीर्षकगीत ही दोन्ही फ्रेडीच्या 1985 च्या 'मिस्टर बॅड गाय' या सोलो अल्बममधली. शीर्षकगीताला क्वीनचा साज शोभला आहे. ब्रायनची गिटार आणि रॉजरचे ढोल आल्यावर मूळ गाणं किती अपुरं होतं ते कळतं. 'आय वॉज बॉर्न'वर मात्र इतके थर चढवलेत की मला ते दमवतं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' चांगलं आहे, बस.

पण 'अ विंटर्स टेल' घ्या. फ्रेडीने एकट्याने लिहिलेलं शेवटचं गाणं. माँत्रोचं तळं, हिवाळा, हंस, धुराडी, लालसर आभाळ. ज्याला महिन्यांचा हिशेब ठाऊक आहे तो माणूस खिडकीतून बाहेर बघतो आणि जे दिसतं ते सुंदर आहे म्हणतो. तक्रारीचा एक शब्द नाही. मला 'द शो मस्ट गो ऑन'पेक्षाही हे गाणं जास्त धीराचं वाटतं, कारण यात झुंजीचा आवेश नाही. शिवाय ते 'द शो मस्ट गो ऑन' मुख्यतः ब्रायनने लिहिलं होतं. आपण काय बघतोय हे फ्रेडीने स्वतः लिहिलं ते 'अ विंटर्स टेल'मध्ये.

तुम्हाला काय वाटतं? विशेषतः ज्यांनी हा अल्बम तेव्हा एकदाच ऐकून बाजूला ठेवला, त्यांची मतं वाचायला आवडतील.

तारसप्तक:
लेख मनापासून लिहिलाय, पण मी 'इन्युएन्डो'च्या बाजूने. हिशेब बघा. दोन गाणी फ्रेडीच्या सोलो अल्बममधली. 'हेवन फॉर एव्हरीवन' रॉजरच्या द क्रॉस या दुसऱ्या बँडच्या 1988 च्या अल्बमवर आलेलं. 'टू मच लव्ह विल किल यू' ब्रायनच्या 1992 च्या सोलो अल्बमवर होतं. 'माय लाइफ हॅज बीन सेव्ह्ड' 1989 मध्ये 'स्कँडल'च्या सिंगलची मागची बाजू होती. 'इट्स अ ब्युटिफुल डे'चा गाभा 1980 मधला, म्युनिकचा. मग 1991 चं म्हणून उरलं किती? अल्बम म्हणजे एका काळात, एका मनःस्थितीत केलेलं काम. गाण्यांचा क्रम फ्रेडीने लावलेला नाही, मुखपृष्ठ त्याने पाहिलेलं नाही. भावना मान्य, पण त्याला क्वीनचा अल्बम म्हणणं जड जातं.

धागाकर्ता:
तारसप्तक, तुमच्या यादीत एकही गोष्ट खोटी नाही. पण हीच यादी मी दुसऱ्या बाजूने वाचतो. 1980 चा फ्रेडी, 1985 चा, 1987–88 चा आणि मे 1991 चा, सगळे एका अल्बमवर. तो गाण्यागणिक वेगळ्या वयाचा आहे, आणि बाकीचे तिघं मात्र बहुतेक ठिकाणी 1993 ते 95 मधले, चाळिशीतले, मित्र गमावलेले. हेच मिश्रण ऐकायला मी परत परत जातो.

आणि 'टू मच लव्ह'चं म्हणाल तर फ्रेडीच्या आवाजातलं ध्वनिमुद्रण आधीचं आहे, 'द मिरॅकल' या अल्बमच्या वेळचं. गाणं ब्रायनने बँडबाहेरच्या दोघांबरोबर लिहिलेलं, हक्कांच्या गुंत्यात ते त्या अल्बमवर येऊ शकलं नाही. एप्रिल 1992 मध्ये वेम्ब्लीला फ्रेडीच्या स्मरणार्थ कार्यक्रम झाला तेव्हा ब्रायनने ते कीबोर्डवर बसून स्वतः गायलं. जगाने पहिल्यांदा ऐकलं ते असं. फ्रेडीचा आवाज नंतर, 1995 मध्ये आला.

कंदीपेढा:
मी मूळचा वाई भागातला. फ्रेडी पाचगणीला सेंट पीटर्समध्ये शिकला हे आता सगळ्यांना माहीत आहे, पण आमच्या लहानपणी ते कुणी सांगत नसे. झांझिबारहून आलेला फारुख बलसारा (हे फ्रेडीचं मूळ नाव) आठेक वर्षांचा असताना त्या बोर्डिंगात दाखल झाला, तिथेच पियानो शिकला, आणि द हेक्टिक्स म्हणून शाळेतल्या पोरांचा बँड होता त्यात वाजवायचा. घर समुद्रापार. सुटीतही दर वेळी आईबापांकडे जाणं शक्य नसायचं, मुंबईला नातेवाइकांकडे राहायचा.

'मदर लव्ह' मी या लेखानंतर पहिल्यांदा नीट ऐकलं. इतक्या लहान वयात घरापासून लांब ठेवलेला मुलगा आयुष्याच्या शेवटी आईच्या मायेवर गाणं लिहितो. त्याच्या मनात पाचगणी होती की नव्हती हे मी कोण सांगणार? पण पसरणीचा घाट चढून वर आलं की थंडी लागते ना, आणि जून लागला की ते धुकं. त्यात बोर्डिंगातली लहान पोरं रांगेने जाताना मी बघितली आहेत. मला गाणं ऐकताना तीच दिसली.

धागाकर्ता:
कंदीपेढा, हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना. गाणं फ्रेडी आणि ब्रायन या दोघांचं आहे, तेव्हा सगळं फ्रेडीच्या बालपणावर बेतता येणार नाही. पण ते गायचं कसं हे फक्त त्याने ठरवलं, आणि त्या खालच्या पट्टीतल्या आवाजात तुम्ही म्हणता ते असू शकतं. त्याचे अंत्यसंस्कारही लंडनमध्ये पारशी दस्तुरांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, केले होते. आयुष्यभर तो या मुळांबद्दल फारसं बोलला नाही, पण ती सुटलेली नव्हती.

रात्रपाळी:
मी 1991 मध्ये मुंबईत एमबीबीएस करत होते. फ्रेडीच्या आजाराचं निवेदन 23 नोव्हेंबरला निघालं आणि दुसऱ्याच दिवशी तो गेला. वर्तमानपत्रातली ती बातमी आम्ही काही जणींनी हॉस्टेलच्या मेसमध्ये वाचली. त्या काळात एचआयव्हीचा रुग्ण वॉर्डात आला की लोक बोलायचे हळू आवाजात. औषध म्हणून हाताशी फारसं काहीच नव्हतं. तीन औषधांचे एकत्रित उपचार 1996 च्या सुमाराला आले आणि चित्र पालटलं. त्या उपचारांच्या जेमतेम वर्षभर आधीचा हा अल्बम. म्हणून मला 'लेट मी लिव्ह' ऐकवत नाही, जरी फ्रेडी, रॉजर आणि ब्रायन आळीपाळीने किती सुंदर गातात, मागे तो चर्चमधल्यासारखा कोरस. नुसतं शीर्षक वाचलं तरी मला आमचा वॉर्ड आठवतो. एवढं सांगते की मरणाच्या दारातल्या माणसाने काम मागावं, ही गोष्ट मी वॉर्डातही पाहिली आहे. नातेवाईक म्हणतात त्यांना त्रास देऊ नका. रुग्ण म्हणतो, मला काहीतरी करू द्या. त्याच्या मित्रांनी त्याचं ऐकलं. म्हणून मला हा अल्बम जवळचा.

चारतारी:
बास वाजवतो, म्हणून जॉन डीकनबद्दल दोन शब्द. कुणी त्याचं नाव घेत नाही. 'यू डोन्ट फूल मी'चा बास ऐका, एकही स्वर जास्तीचा नाही, आणि सगळं गाणं त्याच्या खांद्यावर. हाच तो 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिणारा माणूस. या अल्बमनंतर त्याने जवळजवळ सगळं आवरतंच घेतलं. जानेवारी 1997 मध्ये पॅरिसला नृत्यदिग्दर्शक मॉरिस बेजारच्या बॅलेच्या वेळी तिघं एल्टन जॉनबरोबर 'द शो मस्ट गो ऑन' वाजवायला उभे राहिले, त्याच वर्षी 'नो-वन बट यू' हे एक गाणं केलं, आणि मग जॉन निवृत्त झाला तो झालाच. बाकी दोघांनी पुढे पॉल रॉजर्स, मग अ‍ॅडम लॅम्बर्टला घेऊन दौरे केले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चौघांचा म्हणून शेवटचा अल्बम कुठला विचाराल तर जिथे जॉन शेवटचा आहे तो. धागाकर्त्याला अनुमोदन.

तारसप्तक:
चारतारी, हा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता. तरी फ्रेडीशिवाय पुरा केलेला अल्बम चौघांचा कसा, हा माझा प्रश्न उरतोच.

चारतारी:
'द मिरॅकल'पासून, म्हणजे 1989 पासून, त्यांनी गाणं कुणीही लिहिलेलं असो, श्रेय 'क्वीन' असंच द्यायला सुरुवात केली होती. आधी त्यावरून भांडणं व्हायची. फ्रेडी आजारी असताना त्यांनी हा हिशेबच मिटवून टाकला. 'मेड इन हेवन'मध्ये काही गाण्यांवर ज्याचं त्याचं नाव आहे, आणि काहींवर 'क्वीन'. 'अ विंटर्स टेल' एकट्या फ्रेडीचं, तरी त्यावर 'क्वीन'. चौघांचा कसा याचं उत्तर त्यांनी स्वतःच देऊन ठेवलंय असं मला वाटतं.

षड्ज:
रॉक माझा प्रांत नाही, पण 'मदर लव्ह'बद्दल वाचून ऐकलं. कुमार गंधर्वांची आठवण झाली. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, आणि मग छोट्या, तेजस्वी तुकड्यांची ती गायकी. शरीराने घातलेली मर्यादा शैलीत उतरते, तसं इथे झालंय का?

धागाकर्ता:
षड्ज, सुंदर प्रश्न. मला फरक जाणवतो तो असा. कुमारांना आजारानंतर पुढची चाळीसेक वर्षं मिळाली, त्यांनी नव्या श्वासाभोवती नवं गाणं उभं केलं. फ्रेडीकडे तेवढा वेळ नव्हता. त्याने शैली बदललीच नाही. 1986 मध्ये धडधाकट असताना जिथे जायचा तिथेच 1991 मध्ये गेला आणि शरीराने साथ सोडेपर्यंत तिथेच राहिला. 'मदर लव्ह'च्या पहिल्या कडव्यातला दबका आवाज मात्र त्याच्याकडे पूर्वी क्वचितच ऐकू यायचा. तुम्ही म्हणता ते त्या कडव्यापुरतं खरं असावं.

पहिलाचदौरा:
मी 2018 चा सिनेमा बघून क्वीन ऐकायला लागलो. सिनेमा 1985 च्या 'लाइव्ह एड' कार्यक्रमावर संपतो, त्यामुळे यातलं काहीच माहीत नव्हतं. अल्बम सुरुवातीपासून ऐकू की निवडक? आणि शेवटी ते 22 मिनिटांचं काय आहे? मला वाटलं फाइल बिघडली आहे.

धागाकर्ता:
फाइल ठीक आहे. सुरुवातीपासून सरळ क्रमाने ऐका. 'इट्स अ ब्युटिफुल डे'ने सुरू होतं, तेच गाणं शेवटाकडे जोरकस रूपात परत येतं, मग चार सेकंदांचा फ्रेडीचा एक 'येऽ', आणि त्यानंतर सीडीवर नाव न दिलेला तेरावा ट्रॅक, 22 मिनिटं 32 सेकंदांचा. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीच्या स्वरांवर तो बेतलेला आहे. तालवाद्यांचा ठेका नाही, नुसते लांबत जाणारे स्वर, आणि मधूनमधून फ्रेडीचा आवाज येऊन जातो. पुष्कळ जण तो वगळतात. मी म्हणेन, पहिल्या वेळी वगळा आणि दुसऱ्या वेळी रात्री मोठ्या स्पीकरवर लावा.

मुखपृष्ठ मात्र आधी बघून घ्या, फोनवर नको, मोठं करून. पुढे तळ्याकाठी हात उंचावलेला फ्रेडीचा पुतळा, इरेना सेडलेत्स्काने घडवलेला. मागच्या बाजूला ब्रायन, रॉजर आणि जॉन, तळ्यापलीकडच्या डोंगरांकडे बघत उभे. आणि 'मदर लव्ह'चं शेवटचं कडवं आलं की इथे येऊन सांगा, आवाज बदललेला लगेच कळला का. तारसप्तक, तुम्हीही. तुमचं मत बदलावं म्हणून नाही, तुमचा कान पक्का आहे म्हणून विचारतोय.

तारसप्तक:
आज रात्री ऐकतो. 'इन्युएन्डो' आधी आणि मग हा, सलग.